चळतीवर आधारलेल्या संगणकभाषा आणि साधा वेब सर्व्हर : एक ऐतिहासिक अभ्यास

(विशेष संदर्भ : महाराष्ट्र आणि ग्रामीण महाविद्यालयीन शिक्षण)

सारांश

चळत, म्हणजेच स्टॅक, ही संगणकशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना होय. या संकल्पनेवर उभारलेल्या फोर्थ, पोस्टस्क्रिप्ट यांसारख्या भाषांचा इतिहास मराठीत फारसा मांडला गेलेला नाही. प्रस्तुत निबंधात या भाषांचा उगम, त्यांचा महाराष्ट्राशी आलेला अप्रत्यक्ष संबंध आणि अशा भाषेत साधा वेब सर्व्हर कसा घडतो याचा आढावा घेतला आहे. या भाषा महाराष्ट्रातील मुद्रणगृहांत आणि एका खेड्यातील शाळेतही येऊन पोहोचल्या होत्या. परंतु त्या यंत्राच्या पोटात राहिल्या, अभ्यासक्रमात आल्या नाहीत. साधन वापरण्याचे शिक्षण आणि साधन घडविण्याचे शिक्षण यांतील हे अंतर एकोडीसारख्या गावांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चळत, फोर्थ, पोस्टस्क्रिप्ट, वेब सर्व्हर, युनिकोड, देवनागरी, ग्रामीण शिक्षण

१. प्रस्तावना

भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा. साकोली तालुक्यातील एकोडीच्या परिसरात धानाची कापणी झाली की भारे बांधून त्यांचे पुंजणे रचले जाते. पुंजणे रचताना जो भारा सर्वांत शेवटी वर ठेवला जातो, तोच मळणीच्या वेळी सर्वांत आधी खाली उतरतो. तळचा भारा काढावयाचा असेल तर वरचे सर्व भारे आधी काढावे लागतात. ताटांची किंवा नाण्यांची चळतही याच नियमाने चालते. ‘शेवटी आलेला प्रथम जाईल’ हा तो नियम. संगणकशास्त्रात ज्याला स्टॅक म्हणतात ती रचना हीच होय.

इतकी साधी कल्पना गणिताच्या तर्कशास्त्रातून निघाली, संगणकाच्या यंत्ररचनेत शिरली, तिच्यावर स्वतंत्र भाषा उभ्या राहिल्या आणि पुढे त्या भाषांत वेब सर्व्हरसारखी साधनेही लिहिली गेली. हा प्रवास जवळजवळ एका शतकाचा आहे. त्याचा विचार करताना दोन प्रश्न समोर ठेवावे लागतात. पहिला प्रश्न ऐतिहासिक स्वरूपाचा आहे : या भाषा कोणत्या गरजेतून जन्मल्या आणि महाराष्ट्रापर्यंत कोणत्या रूपाने आल्या? दुसरा प्रश्न शैक्षणिक स्वरूपाचा आहे : ज्या यंत्रणेतून आजचे ज्ञान वाहते, ती यंत्रणा एका विद्यार्थ्याला पूर्णपणे समजू शकेल इतकी लहान करता येते काय?

२. चळतीच्या कल्पनेचा उगम

पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० च्या दशकात कंसांशिवाय तार्किक विधाने लिहिण्याची एक पद्धत शोधून काढली. तीत क्रियेचे चिन्ह आधी आणि ज्यांवर क्रिया करावयाची ती पदे नंतर येत. या पद्धतीस पुढे ‘पोलिश लेखनपद्धती’ असे नाव पडले. हाच क्रम उलटा केला, म्हणजे पदे आधी आणि क्रिया शेवटी ठेवली, तर ‘उलटी पोलिश’ किंवा उत्तरपद पद्धती मिळते. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ व संगणकतज्ज्ञ चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी ही उलटी पद्धती चळतीच्या साह्याने यंत्रावर किती सहज चालते हे दाखविले. त्याच सुमारास, १९५७ मध्ये, जर्मनीत फ्रीड्रिख बाउअर आणि क्लाउस सामेलसन यांनीही चळतीच्या तत्त्वाचा स्वतंत्रपणे विचार करून त्यावर एकस्वासाठी अर्ज केला.

उदाहरणादाखल पाच आणि सात यांची बेरीज करून तिला तीनने गुणावयाचे आहे असे समजू. शाळेतील बीजगणितात हे (५ + ७) × ३ असे लिहिले जाते. उत्तरपद पद्धतीत तेच ५ ७ + ३ × असे लिहितात. यंत्र डावीकडून उजवीकडे वाचत जाते. पाच आले, चळतीवर ठेवले. सात आले, त्यावर ठेवले. अधिकचे चिन्ह आले, वरच्या दोन संख्या उचलल्या आणि त्यांची बेरीज बारा ही चळतीवर ठेवली. तीन आले, तेही वर ठेवले. गुणिलेचे चिन्ह आले, वरच्या दोन संख्या उचलून छत्तीस हे उत्तर ठेवले. कंस लागले नाहीत आणि ‘आधी गुणाकार की आधी बेरीज’ हा प्रश्नही उद्भवला नाही.

मराठी भाषकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘पाच आणि सात मिळवा, आलेल्या बेरजेला तीनने गुणा’ हे वाक्य शब्दक्रमाने उत्तरपद पद्धतीचेच आहे. पाढ्यांतील ‘बे त्रिक सहा’ या ओळीतही मूळ संख्या आधी, ‘त्रिक’ हा क्रियावाचक शब्द नंतर आणि उत्तर शेवटी येते. जपानी भाषेतही क्रियापद वाक्याच्या अंती असते. तेथे १९८५ मध्ये फोर्थपासून प्रेरणा घेऊन ‘माइंड’ नावाची जपानी शब्दांची संगणकभाषा तयार झाली, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. मराठीत असा व्यापक प्रयत्न झाल्याचे दिसत नाही.

३. यंत्राकडून भाषेकडे

चळतीची कल्पना प्रथम यंत्ररचनेत रुजली. अमेरिकेतील बरोज कंपनीने १९६१ मध्ये जाहीर केलेला बी ५००० हा संगणक चळतीच्या तत्त्वावर रचलेला होता. उच्चस्तरीय भाषेतील कार्यक्रम त्यावर सुलभतेने चालावेत हा त्यामागील हेतू होता. बरोज हे नाव महाराष्ट्राच्या संगणक-इतिहासातही येते. टाटा समूह आणि बरोज यांच्या भागीदारीतून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत टाटा-बरोज ही कंपनी स्थापन झाली. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीच्या आरंभकाळात तिचा उल्लेख टाळता येत नाही. अर्थात बरोजची सर्वच यंत्रे चळतीच्या रचनेची नव्हती. त्यामुळे हा संबंध यंत्ररचनेपेक्षा व्यावसायिक स्वरूपाचाच मानला पाहिजे.

यंत्राऐवजी भाषाच चळतीवर उभारण्याचे श्रेय चार्ल्स मूर या अमेरिकन कार्यक्रमकाराकडे जाते. १९६० च्या दशकात निरनिराळ्या ठिकाणी काम करताना त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक लहानसा दुभाषी कार्यक्रम वाढवत नेला. चौथ्या पिढीची भाषा म्हणून तिला ‘फोर्थ’ हे नाव द्यावयाचे होते. परंतु आयबीएम ११३० या संगणकावर नाव पाच अक्षरांपेक्षा मोठे चालत नसल्याने इंग्रजी वर्णलेखनातील एक अक्षर गाळावे लागले. तेच अपुरे वर्णलेखन पुढे रूढ झाले. १९७१ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत, अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील ३६ फुटी दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी व निरीक्षणांच्या नोंदीसाठी ही भाषा वापरली गेली. तेथे एलिझाबेथ रॅदर या तिच्या दुसऱ्या महत्त्वाच्या कार्यक्रमकार ठरल्या. १९७३ मध्ये मूर, रॅदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्थसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. १९९४ मध्ये अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेने या भाषेचे मानक प्रसिद्ध केले.

फोर्थचा जन्म वेधशाळेत वाढीस लागला यामागे कारण होते. दुर्बिणीजवळचा संगणक लहान, त्याची स्मृती तोकडी आणि निरीक्षणाची वेळ ठरलेली. रात्री काही बिघडले तर ते तेथेच, त्याच यंत्रावर, त्याच वेळी दुरुस्त करणे भाग होते. म्हणून संपादक, भाषांतरक आणि चालू कार्यक्रम हे सर्व एकाच लहान यंत्रात राहील अशी रचना झाली. फोर्थमध्ये कार्यक्रम लिहिणे म्हणजे नवे शब्द व्याख्यित करणे होय. प्रत्येक नवा शब्द जुन्या शब्दांच्या आधारे सांगितला जातो आणि तो शब्दकोशात दाखल होतो. शब्दांमध्ये केवळ मोकळी जागा असावी लागते. याखेरीज व्याकरणाचे नियम जवळजवळ नाहीत. शब्द आपली सामग्री चळतीवरून घेतो आणि फलही चळतीवरच ठेवतो. मर्यादित साधनांत पूर्णता साधण्याची ही वृत्ती पुढेही टिकून राहिली. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी धूमकेतूवर उतरलेल्या युरोपीय ‘फिली’ या यानातही फोर्थसाठी अनुकूल असा चळतीवर चालणारा प्रक्रियक होता.

४. महाराष्ट्रातील अदृश्य वाटचाल

फोर्थ आणि तिची भावंडे महाराष्ट्रात तीन वाटांनी आलेली दिसतात. या तिन्ही वाटांवर वापरणाऱ्यास त्यांची जाणीव मात्र क्वचितच झाली.

पहिली वाट मुद्रणाची. १९८४ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा बाजारात आणली आणि १९८५ मध्ये अ‍ॅपलच्या लेझर मुद्रकात तिचा अवलंब झाला. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्णपणे चळतीवर चालणारी, पदे आधी व क्रिया नंतर सांगणारी भाषा आहे. संगणकीय अक्षरजुळणी मराठी मुद्रणव्यवसायात रुळली तेव्हा खिळ्यांच्या जागी पोस्टस्क्रिप्टच्या वक्ररेषा आल्या. मराठी पुस्तकाचे पान पडद्यावर जुळवून मुद्रकाकडे पाठविले की मधल्या प्रवासात ते एक चळतभाषेतील कार्यक्रम बनत असे. जुळारी तो कार्यक्रम कधी वाचत नसे. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफ या स्वरूपानेही पृष्ठवर्णनातील हाच क्रम टिकविला आहे. महाविद्यालयात रोज उघडल्या जाणाऱ्या पीडीएफ दस्तऐवजाच्या अंतरंगात आजही आधी अंक आणि मग आज्ञा असाच क्रम असतो.

दुसरी वाट यंत्र सुरू करण्याची. संगणकाला वीज मिळाल्यानंतर आणि मुख्य कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वी जो लहान कार्यक्रम चालतो, त्यासाठी १९९४ मध्ये ‘ओपन फर्मवेअर’ हे मानक निश्चित झाले. त्याचा पाया फोर्थ हाच होता. सन कंपनीचे संगणक आणि १९९५ नंतरचे अनेक पॉवर मॅकिंटॉश या मानकानुसार सुरू होत. म्हणजे त्या काळात अशा मॅकिंटॉशवर मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या कार्यालयात यंत्र फोर्थने जागे होई आणि पान पोस्टस्क्रिप्टने छापले जाई.

तिसरी वाट थेट खेड्यातील शाळेपर्यंत गेली. निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये जाहीर केलेल्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील प्राथमिक शाळेत सुरू झाला. या प्रकल्पातील एक्सओ या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा आरंभीचा कार्यक्रम ओपन फर्मवेअर हाच होता आणि तो मिच ब्रॅडली यांनी फोर्थमध्ये लिहिलेला होता. म्हणजे महाराष्ट्रातील एका खेड्यातील मुलांच्या हाती फोर्थ भाषेचा संपूर्ण दुभाषी असलेले यंत्र आले होते. मात्र ज्या यंत्रांत सुरक्षाव्यवस्था चालू असे, त्यांत विशेष किल्ली मिळविल्याशिवाय फोर्थच्या आज्ञा देता येत नसत. दार होते, पण ते बंद होते. मुलांसमोर येणारा भाग चित्रे, लेखन व खेळ यांचा होता. शैक्षणिकदृष्ट्या ते स्वाभाविकच मानावे लागेल. तथापि यंत्राचा जो भाग एकट्या जिज्ञासू माणसाला मुळापासून समजू शकला असता, तोच भाग दृष्टीआड राहिला.

५. वेब सर्व्हर : स्वरूप व इतिहास

वेब सर्व्हर या शब्दाभोवती अनावश्यक गूढता निर्माण झाली आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर एका नेक्स्ट संगणकावर चालू केला. योगायोगाने त्या संगणकाच्या पडद्यावरील चित्रण पोस्टस्क्रिप्टच्याच एका रूपाने होत असे. १९९१ मधील मूळ नियमावलीनुसार ग्राहकाने केवळ एक ओळ पाठवावयाची होती : ‘गेट’ हा शब्द आणि हव्या असलेल्या पृष्ठाचा मार्ग. सर्व्हरने ते पृष्ठ पाठवून संपर्क बंद करावयाचा. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. मे १९९६ मध्ये नियमावलीची १.० ही आवृत्ती नोंदविली गेली आणि जून १९९९ मध्ये १.१ या आवृत्तीचे दीर्घकाळ प्रमाण मानले गेलेले रूप प्रसिद्ध झाले.

भारतात शैक्षणिक जाळ्याची उभारणी १९८६ पासून ‘अर्नेट’ प्रकल्पाद्वारे झाली आणि त्यात मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा मोठा वाटा होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. ग्रामीण महाराष्ट्रात १९९८ मध्ये वारणा परिसरातील सुमारे ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना होऊन संगणक-साक्षरतेचा प्रसार तालुक्या-तालुक्यांत झाला. २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली आणि पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. या सर्व प्रयत्नांचा रोख जोडणी आणि वापर यांवर होता. तो आवश्यकच होता. परंतु जोडणीच्या दुसऱ्या टोकाला जे यंत्र उत्तर देते, ते गावातही असू शकते हा विचार त्यात मागे राहिला.

६. चळतभाषेत सर्व्हर कसा घडतो

१९९० च्या दशकात फोर्थची ‘जीफोर्थ’ ही मुक्त आवृत्ती युरोपात विकसित झाली. तिचे एक कर्ते, जर्मनीतील बेर्न्ट पाइझान यांनी २००० च्या सुमारास फोर्थमध्ये लिहिलेला एक छोटा वेब सर्व्हर सादर केला. पोस्टस्क्रिप्टमध्येही असा सर्व्हर लिहिला गेला आहे. पान छापण्यासाठी जन्मलेली भाषा पान पाठविण्यासही उपयोगी पडते, हे त्यातून सिद्ध झाले. या दोन्ही प्रयत्नांत युनिक्स प्रणालीतील एका जुन्या सोयीचा आधार घेता येतो. ‘आयनेटडी’ हा द्वारपाल कार्यक्रम जाळ्यावरील संपर्क स्वीकारतो आणि प्रत्येक संपर्कासाठी आपला कार्यक्रम नव्याने सुरू करतो. मग जाळ्यावरून आलेला मजकूर कळफलकावरून आल्यासारखा वाचावयाचा आणि उत्तर पडद्यावर लिहिल्यासारखे लिहावयाचे, एवढेच काम उरते.

ते काम पुढील टप्प्यांत पडते. प्रथम विनंतीची पहिली ओळ वाचली जाते. तीत तीन शब्द असतात : क्रिया, मार्ग आणि नियमावलीची आवृत्ती. त्यानंतर शीर्षओळी येतात आणि एक रिकामी ओळ आली की त्या संपतात. मग मार्गाची तपासणी होते. त्यात वरच्या कप्प्याकडे नेणारी दोन टिंबे असतील तर विनंती नाकारली पाहिजे, अन्यथा परका मनुष्य यंत्रातील खाजगी दस्तऐवजही मागवू शकेल. यानंतर दस्तऐवज शोधून स्मृतीत आणला जातो. शेवटी स्थितीची ओळ, शीर्षओळी, रिकामी ओळ आणि मूळ मजकूर या क्रमाने उत्तर पाठविले जाते.

फोर्थचे वैशिष्ट्य पहिल्या टप्प्यातच दिसते. इतर भाषांत विनंतीच्या ओळीचे पृथक्करण करण्यासाठी वेगळा कार्यक्रम लिहावा लागतो. फोर्थचा दुभाषी स्वतःच मोकळ्या जागेवरून शब्द वेगळे करतो व प्रत्येक शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधतो. तेव्हा ‘गेट’ हा फोर्थचा एक शब्द म्हणून व्याख्यित केला आणि पुढचा शब्द वाचून तो मार्ग म्हणून जपून ठेवावा असे त्याला शिकविले की विनंती हाच कार्यक्रम होतो. शीर्षओळींची नावेही अशीच शब्द बनतात. विनंती वाचणे आणि विनंती अमलात आणणे या दोन गोष्टी येथे एक होतात.

या सौंदर्यात धोकाही आहे. दुभाषी परक्या माणसाच्या हाती दिला तर तो ‘गेट’ ऐवजी दस्तऐवज पुसण्याची आज्ञाही लिहू शकेल. म्हणून विनंती वाचताना नेहमीचा शब्दकोश बाजूला ठेवून केवळ परवानगी दिलेल्या शब्दांची वेगळी सूची दुभाष्यासमोर ठेवावी लागते. शोधक्रम बदलण्याची ही सोय फोर्थच्या १९९४ च्या मानकात आहे. कोणास कोणता शब्द उच्चारता येईल हे ठरविणे म्हणजेच सुरक्षा, हा धडा एखाद्या मोठ्या तयार सर्व्हरच्या मांडणी-पृष्ठांतून इतक्या स्पष्टपणे मिळणार नाही.

७. देवनागरीची कसोटी

शेवटच्या टप्प्यातील एक शीर्षओळ मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. उत्तरातील मजकुराची लांबी किती, हे सर्व्हरला सांगावे लागते आणि ती लांबी अक्षरांत नव्हे तर बाइटमध्ये मोजली जाते. ‘एकोडी’ हाच शब्द पाठवावयाचा आहे असे समजू. वाचकाला त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडनुसार त्यात पाच संकेत आहेत : ए, क, ओकाराची मात्रा, ड आणि दीर्घ ईकाराची मात्रा. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतास तीन बाइट लागतात. म्हणून या शब्दाची खरी लांबी पंधरा होय.

लांबी पाच अशी सांगितली तर ग्राहक पाच बाइट घेऊन थांबेल. त्यास ‘ए’ पूर्ण मिळेल, ‘क’ चे तीनपैकी दोनच बाइट मिळतील आणि पडद्यावर गावाच्या नावाऐवजी एक अक्षर व एक निरर्थक खूण दिसेल. लांबी अधिक सांगितली तर न येणाऱ्या बाइटची वाट पाहत ग्राहक ताटकळेल. रोमन लिपीत अक्षर व बाइट यांची संख्या बहुधा एकच असल्याने तेथे ही चूक लपून राहते. मराठीत ती तत्काळ उघडी पडते. फोर्थमध्ये मजकूर चळतीवर दोन संख्यांच्या रूपाने असतो : स्मृतीतील पत्ता आणि त्याच्या वर लांबी. प्रचलित आवृत्त्यांत ही लांबी बाइटमध्येच असते. त्यामुळे सर्व्हरला हवी असलेली संख्या चळतीच्या माथ्यावर आधीच तयार असते.

लिपिसंकेत कोणता, हेही सांगावे लागते. १९९९ च्या नियमावलीनुसार संकेताचा उल्लेख नसल्यास पश्चिम युरोपीय संच गृहीत धरला जाई आणि मराठी मजकूर अनाकलनीय रोमन चिन्हांत दिसे. महाराष्ट्रातील अनेक संकेतस्थळे २००० च्या दशकात विशिष्ट फाँटवर अवलंबून होती. तो फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नसे. भारतीय मानक संकेत १९९१ मध्ये निश्चित झाला होता, युनिकोडमधील देवनागरी त्याच्याच पूर्वरूपावर बेतलेली होती आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांच्या ‘मंगल’ या फाँटमुळे ती विंडोज प्रणालीवर सर्वत्र पोहोचली. तरीही जुन्या फाँटमध्ये साठविलेला बराच मराठी मजकूर शोधयंत्रांना अगम्यच राहिला. बाइट आणि अक्षर यांतील भेद ज्यांना ठाऊक होता त्यांची संख्या अल्प होती, हे त्याचे एक कारण होय.

८. मर्यादा

चळतभाषांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. फोर्थमध्ये लिहिलेला कार्यक्रम लिहिणाऱ्याला सुबोध व इतरांना दुर्बोध वाटतो, ही तक्रार जुनी आहे. चळतीवर कोणत्या क्षणी काय आहे हे वाचकाला मनात धरून ठेवावे लागते. एखादा शब्द एक पद जास्त उचलून बसला तर चूक दुसऱ्याच ठिकाणी प्रकट होते. प्रत्येक कार्यक्रमकार आपला स्वतंत्र शब्दसंग्रह घडवीत असल्याने मोठ्या गटाने एकत्र काम करणे कठीण जाते. तयार ग्रंथालये कमी, शिकविणारे कमी आणि नोकरीच्या बाजारात मागणी नगण्य. शिवाय आजच्या वेबवर संकेतबद्ध संपर्क अपेक्षित असतो आणि त्याची जबाबदारी लहान घरगुती सर्व्हरने स्वतः पेलणे योग्य नव्हे. तेव्हा अशा सर्व्हरची जागा महाविद्यालयाच्या आवारातील अंतर्गत जाळ्यात आहे. बँकेचा किंवा परीक्षा विभागाचा व्यवहार त्यावर सोपविणे धोक्याचे ठरेल.

९. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. चळतीवर आधारलेल्या भाषा मर्यादित साधनांच्या गरजेतून वाढल्या. वेधशाळेतील लहान संगणक, मुद्रक आणि खेड्यातील मुलांचा लॅपटॉप ही त्यांची कार्यक्षेत्रे राहिली. महाराष्ट्रात त्या १९८० च्या दशकापासून कार्यरत होत्या, पण ज्ञानाचा विषय म्हणून नव्हे, तर बंद यंत्राचा अंश म्हणून. वेब सर्व्हर मूलतः वाचणे, शोधणे व पाठविणे या तीन क्रियांचा समुच्चय असून तो चळतभाषेत थोड्या पानांत लिहिता येतो. देवनागरी मजकुराची कसोटी लावली असता संकेत, बाइट व अक्षर यांतील भेद विद्यार्थ्याला प्रत्यक्ष अनुभवता येतो.

एकोडीसारख्या गावातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी आज भ्रमणध्वनीवर जगातील कोणतेही पान उघडू शकतो. ते पान कोणत्या वाटेने आले आणि त्याच्या गावाचे नाव पंधरा बाइटचे का झाले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. संगणक अभ्यासक्रमातील एका प्रात्यक्षिकात उत्तरपद पद्धतीची आकडेमोड, दुसऱ्यात एक-दोन नवे शब्द आणि तिसऱ्यात एका ओळीचे मराठी उत्तर देणारा सर्व्हर एवढे झाले तरी पुरेसे आहे. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. जीफोर्थ विनामूल्य मिळते आणि प्रयोगशाळेतील जुना संगणकही त्यास चालतो. इंटरनेटची जोडणी खंडित झाली तरी आवारातील जाळ्यावर ग्रंथालयाची सूची किंवा परिसरातील माजी मालगुजारी तलावांच्या नोंदी अशा सर्व्हरवरून वाचता येतील.

फोर्थ ही उद्याची प्रचलित भाषा होईल असा दावा येथे नाही. ती समजून घेतलेला विद्यार्थी पुढे दुसऱ्याच भाषेत काम करील, हेच संभवनीय आहे. परंतु एक संपूर्ण यंत्रणा तळापासून माथ्यापर्यंत आपल्याला कळली, हा विश्वास त्याच्यापाशी राहील. पुंजणे ज्याने स्वतः रचले आहे, त्याला कोणता भारा कोठे आहे हे विचारावे लागत नाही. संगणकशिक्षणातही तेवढी जाण अपेक्षित आहे.